माप खरं, लॉक खोटं: टॉर्क रेंच नऊ महिने वापरल्यावर

ऐरोलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या हॅचबॅकचं काम स्वतः करतो. त्यासाठी क्लिकवाले दोन टॉर्क रेंच, म्हणजे मुठीवर लावलेला पिळाचा जोर (टॉर्क) आला की ‘क्लिक’ करणारे पाने, मुंबईत नागदेवीच्या हत्यार बाजारातून आणले. अर्धा इंची, २८ ते २१० न्यूटन मीटरचा, २,९०० रुपयांना. पाव इंची, ५ ते २५ चा, २,२०० ला.

मोठ्याबद्दल तक्रार नाही. चाकाचे नट माझ्या मॅन्युअलप्रमाणे ८५ वर, इंजिन ऑइलच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट ३५ वर. पूर्वी टायरवाला हवेच्या गनने नट इतके आवळायचा की पंक्चर झाल्यावर पान्यावर उभं राहून ते सोडवावे लागत. ते आता बंद झालं. एवढ्यातच त्याचे पैसे वसूल.

लिहायचंय ते छोट्याबद्दल.

जुलैत टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून, ऑइल झिरपून स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरायला लागलं. गॅस्केट बदललं. कव्हरचे बोल्ट एम ६, म्हणजे ६ मिलिमीटरचे; मूठ फिरवून रेंच १० वर लावला, माप हलू नये म्हणून मूठ लॉक केली आणि मधून बाहेर अशा क्रमाने आवळत गेलो. तीन बोल्ट व्यवस्थित झाले. चौथ्याला क्लिक जाणवलंच नाही. अजून थोडं ओढलं आणि बोल्ट हातात मऊ पडला, नुसता फिरायला लागला. बोल्ट ज्यात बसतो त्या इंजिनच्या हेडमधले आटे गेले होते. ॲल्युमिनियमचं हेड, त्यात गाडी चौदा वर्षांची. माझे हातपाय गार पडले.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "वापरलेला माल परत होत नाही, साहेब." वॉरंटी कार्ड दाखवलं तर म्हणे कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे का ते तपासणं, त्यात येत नाही. मापाचं हत्यार विकायचं आणि मापाचीच जबाबदारी घ्यायची नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. त्या रात्री मी लिहायला बसलो असतो तर ‘हा घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

मग रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये रेंच तपासायला दिला. ६५० रुपये लागले. टॉर्क रेंचसाठीच्या आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कमाल मापाच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात, म्हणजे माझ्यासाठी ५, १५ आणि २५. मी विनंती करून १० वरही घ्यायला लावलं. आकडे आले ५.१, १०.३, १५.२ आणि २४.६. या आकाराच्या रेंचला चार टक्के फरक चालतो. म्हणजे रेंच पास. तिथल्या तंत्रज्ञाने दोनच प्रश्न विचारले: "आट्यांना ऑइल होतं का? आणि लॉक केल्यावर मूठ फिरते का?"

ऑइल होतं. झिरपलेलं पुसलं होतं, पण भोकांच्या आत राहिलंच असणार. आपण लावतो त्या टॉर्कचा मोठा भाग आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, बोल्टला ताण देण्यात थोडाच. ऑइलने घर्षण कमी झालं की त्याच १० मध्ये बोल्टवर ताण बराच जास्त येतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर ओल्या आट्यांवर तो जास्तच पडतो. हे मला माहीत नव्हतं.

आणि मूठ फिरत होती. मुठीची एक फेरी म्हणजे २ न्यूटन मीटर. लॉकची रिंग पुढे सरकवली तरी तळव्याच्या दाबाने मूठ हळूहळू फिरत जाते. घरी मुद्दाम १० वर लावून वीस वेळा ओढून पाहिलं, तर ११.५ वर गेली होती. लहान मापावर क्लिकही इतकं हलकं की खालून ठाणे-बेलापूर रोडचा आवाज येत असताना ते कानाला नाही, बोटांनाच कळतं. तेही चुकलं आणि आपण ओढत राहिलो की क्लिकनंतरचा सगळा जोर थेट बोल्टवर.

म्हणून माझं मत आता बदललंय. रेंचचं माप खरं आहे. लॉक मात्र वाईट आहे, आणि २,२०० रुपयांच्या हत्यारात ते खपवून घेण्यासारखं नाही. घेताना पेटीतला कागद नंतर वाचा, आधी लॉक करून मूठ जोरात पिळून बघा. दुकानदार कुरकुरला तरी बघा.

सध्याचा उपाय: सायकलच्या ट्यूबचा तुकडा रिंगवर घट्ट चढवलाय, मूठ आणि दांडा यांवर मार्करने एक सरळ रेघ मारलीय. प्रत्येक बोल्टनंतर रेघ जुळते का बघतो. आटे कापडाने आणि ब्रेक क्लीनरने कोरडे करतो. काम झालं की स्प्रिंग ५ पर्यंत सैल करून ठेवतो, त्याच्या खाली नाही. बोल्ट सोडवायला दोन्हींपैकी एकही वापरत नाही, त्याला साधा रॅचेट आहे.

हेडमध्ये हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवून घेतलं, ४०० रुपये. नव्या आट्यावर त्याच रेंचने १० लावले. दोन महिने झाले, प्लगचे खड्डे कोरडे आहेत.

मोठा रेंच वर्ष भरलं की लॅबला नेणार. तोपर्यंत तो शेजारच्या काकांना देणार नाही, मागच्या वेळी त्यांनी स्प्रिंग सैल न करता तो ९० वर तसाच ठेवून तीन आठवड्यांनी परत केला.