जे-पालचा ऑनलाइन कोर्स : आठ महिन्यांनंतर

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जे-पाल या गरिबीवर संशोधन करणाऱ्या केंद्राच्या मायक्रोमास्टर्सला, म्हणजे पाच विषयांच्या ऑनलाइन कोर्सला, मी जूनमध्ये नाव घातलं. अभिजीत बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी 2003 मध्ये काढलेलं हे केंद्र. (बॅनर्जींची आई माहेरची पाटणकर, हे मी ऑफिसात चारदा तरी सांगून झालंय.) आधीची पदवी कोणती, हे कुणी विचारत नाही. नुसतं शिकायचं तर फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर फी उत्पन्न बघून ठरते.

मी एका छोट्या संस्थेत आहे, वस्तीतल्या मुलांचे उन्हाळी वर्ग घेतो. दरवर्षी अहवालात लिहायचो, ‘वर्गाला आलेली मुलं वाचनात पुढे गेली.’ दुसऱ्याच महिन्यात त्या वाक्याची लाज वाटली. मे महिन्याच्या उन्हात जो पोरगा स्वतःहून वर्गाला येतो, तो आधीच पुढचा असतो. मग वर्गाने नक्की काय केलं?

याचं उत्तर मला ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी प्रयोगात सापडलं. बालसखी म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शाळेतच वेगळं बसवून शिकवणारी वस्तीतली ताई. प्रयोग मुंबई-वडोदऱ्यातला, म्हणजे आपल्या घरचाच. वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या अर्ध्या शाळा निवडून तिथे तिसरीला बालसखी दिली, उरलेल्या शाळांत चौथीला. कुणीच रिकाम्या हाताने गेलं नाही आणि बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या तिसरीची तुलनाही झाली.

आता कटकट. गणित बारावीनंतर सोडलं असेल तर संख्याशास्त्राचा पेपर घाम काढतो. ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेत मी एक अख्खी रात्र ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ बघत बसलो. सकाळी बायकोने शेजारून विचारलं, ‘हे एक अक्षर मोठं का आहे?’ तेवढंच चुकलं होतं. आठवड्याला दहा-बारा तास मोकळे नसतील तर एका वेळी एकच विषय घ्या. मी दोन घेतले आणि एक सोडला.

चिठ्ठ्या टाकून तुलना करायच्या या पद्धतीबद्दलही थोडी अढी आहे. अँगस डीटन यांच्यासारखे नोबेलविजेते म्हणतात की एका ठिकाणी लागू पडलेलं दुसरीकडे लागू पडेलच असं नाही. मला ते पटतं. बालसखीचे आकडे आमच्या वस्तीला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

पाचही विषय आणि परीक्षा पार पडल्या की एमआयटीच्या मास्टर्सला अर्ज करता येतो. माझे तीन झालेत. अर्जाचं तेव्हाचं तेव्हा.

यंदा आठ वस्त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकली: चार वस्त्यांत वर्ग मे महिन्यात, चारांत दिवाळीत. एका आजींनी तोंडावर विचारलं, ‘आमच्या पोरांनी दिवाळीपर्यंत थांबायचं होय?’ त्यांच्या घरी दोनदा चहाला जाऊन आलोय, अजून समजूत पटलेली नाही.