नागभीड-ब्रह्मपुरी रोडवरचं जीपचं गॅरेज: मागचा एक्सल ओळखून घ्यायचा असेल तर इथंच

पाचपैकी चार तारे. एक कापला तो ऑइल सीलपायी, ते पुढे येईलच.

माझ्याकडे जुनी महिंद्रा सीजे-3बी आहे, फोर व्हील. पावसाळ्यात धानाच्या बांधीपर्यंत दुसरं काही पोचत नाही. दुसऱ्याकडून घेतली तेव्हापासून तिला एक खोड होती. चिखलात मस्त चालायची, पण फोर व्हीलमध्ये डांबरीवर आली की सरळ रोडवरसुद्धा ओढून धरायची, टायर खरवडायचे आणि फोर व्हीलचा लिव्हर काही केल्या निघायचा नाही. शहरातल्या एका स्पेअरवाल्यानं गाडीखाली न वाकताच अख्खी मागची हाउसिंग, म्हणजे एक्सलचं लोखंडी कवच, बदलवायला सांगितली.

या गॅरेजला बोर्ड नाही, टिनाचं शेड आहे. मिस्तरी साठीच्या घरातले. म्हणाले, "काहून बदलवता भाऊ? मागं काय बसलं हाय ते तं पाहू पयले."

निम्मं त्यांनी बाहेरूनच ओळखलं. कव्हरला दहा बोल्ट, गिअरचा गोळा मधोमध नसून एका अंगाला, हाफ शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) टोक निमुळतं आणि ड्रमच्या मध्यात मोठा नट. म्हणजे जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या काळापासून चालत आलेला डाना 44 एक्सल. कव्हरच्या बोल्टखाली रेशोची, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून एक्सलला येणारा दांडा) किती फेरे घेतो त्याची, पत्र्याची पट्टी असते, ती आमच्या गाडीवर नव्हतीच.

मग रेशो काढला, आणि पैसे वसूल झाले ते इथं. मागचं एकच चाक जॅकवर घेतलं, बाकीच्यांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला. हँडब्रेक मुद्दाम सोडला, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागं प्रोपेलर शाफ्टवरच असतो. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण केली. एक चाक जमिनीवर असल्यानं वरचं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. कंपनीचा 5.38 रेशो असेल तर पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. आमचा शाफ्ट पाचसुद्धा पुरा करेना.

कव्हर उघडल्यावर खात्री झाली. क्राउनला (मोठ्या गिअरला) 39 दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) 8, म्हणजे 4.88. पुढच्या एक्सलला मात्र कंपनीचा 43 आणि 8 चा जोड, म्हणजे 5.38. म्हणजे शाफ्ट तेवढाच फिरला तरी मागची चाकं दहा टक्के जास्त पळणार. चिखलात टायर घसरून ते निभतं, डांबरीवर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. आधीच्या मालकानं स्वस्तातला जोड टाकून गाडी गळ्यात मारली होती.

हाउसिंग बदलवायची गरजच नव्हती. डाना 44 मध्ये 3.92 पासून वरच्या सगळ्या रेशोंना एकच कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) चालतो. नागपूरहून 43-8 चा जोड मागवला, शिम (पातळ चकत्या) बदलून बसवला. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून ठसा कुठं उमटतो ते पाहिलं, मनाजोगता येईपर्यंत पुन्हा खोललं. घाईच्या माणसाला हे झेपणार नाही. मला आवडलं.

आता तक्रार. पिनियनचं ऑइल सील लोकल टाकलं, ते पाझरायला लागलं. बदलून दिलं, मजुरी घेतली नाही, पण चांगलं सील आधीच टाकता आलं असतं. बिल पक्कं मिळत नाही, वहीचं पान फाडून देतात. फोन उचलतील याचा भरवसा नाही.

मजुरी साडेतीन हजार, जोडाचे पैसे वेगळे. नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणि सील आपणच चांगल्या कंपनीचं घेऊन जा. रोवणीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा शेडमध्ये नुसते ट्रॅक्टर असतात.