नवीन बोअर मारू की पावसाचं पाणी गाळून सोडून जुनी विहीर रिचार्ज करू?

मराठवाड्यातल्या मित्राचा हाच घोळ चाललाय, तीन एकर ऊस उभा आणि विहीर जानेवारीतच तळाला.

खर्च बघितला तर बोअरला फुटामागे पैसे, वर केसिंग (बोअरमध्ये बसवायचा पाईप), मोटर, आणि पाणी लागलं नाही तरी बिल द्यावंच लागतं. रिचार्जला खड्डा, दगड-खडी-वाळूचे थर आणि पाईप, बास.

टिकण्याचं म्हणाल तर आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी बहुतेक भेगांतच, म्हणजे शेजाऱ्याने आणखी खोल मारला की आपला आटतो, मग आपण अजून खोल, ही शर्यत कुणीच जिंकत नाही हो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला बंदीची तरतूद आहे ती उगीच नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने तर शेतीसाठी बोअरच बंद केले, ऊसही, आणि विहिरी टिकवल्या.

मेहनत मात्र रिचार्जला जास्त, दरवर्षी वाळू धुवा, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आत जाऊ देऊ नका.

प्यायच्या पाण्याची अडचण असेल तर बोअर ठीक. तूर-हरभरा, थोडी ठिबकवरची भाजी असेल तर रिचार्जच. ऊसच ठेवायचा असेल तर दोन्ही पुरणार नाहीत, आधी पीक बदला.