स्टीव्ही रे व्हॉनचा 'टेक्सास फ्लड': आठ महिने रोज सोबत वाजवल्यानंतर

गिटार शिकणारे बहुतेक जण अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचा हा अल्बम सोलोंसाठी लावतात. आठ महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालंय: याचं खरं बळ उजव्या हातात आहे, ठेक्यात आहे.

कारण रेकॉर्डिंगच्या पद्धतीत सापडतं. नोव्हेंबर 1982 मध्ये लॉस एंजेलिसला गायक जॅक्सन ब्राउनच्या स्टुडिओत तीन दिवस मिळाले आणि स्टीव्ही व त्याच्या दोन साथीदारांनी एकत्र बसून वाजवलं. मागे टॉमी शॅननचा बास आणि ख्रिस लेटनचे ड्रम्स, दुसरी गिटार जवळजवळ नाहीच. त्यामुळे ठेका, कॉर्ड आणि सूर हे सगळं एकाच गिटारला सांभाळावं लागतं. ब्लूजची चौकट आणि रॉकचा जोर इथे असा एकजीव होतो.

'प्राइड अँड जॉय' घ्या. शफल आहे, एका मात्रेत तीन भाग. पहिल्या भागावर खर्जाच्या तारेवर खाली फटका, तिसऱ्यावर वरच्या तारांवर उलटा फटका. खाली येताना पिक मधल्या तारांनाही घासतं, आणि त्या डाव्या हाताने दाबून मुक्या ठेवायच्या असतात. ती 'चक' ऐकू आली नाही तर गाणं लंगडतं. निम्म्या वेगाने पंधरा दिवस फक्त हेच करा, सोलोला हात लावू नका.

ट्यूनिंग अर्धा सूर खाली, सहाही तारा. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) इथे कामाचा नाही, तो सूर फक्त चढवतो.

तारांबाबत घाई नको. स्टीव्ही तेराच्या तारा (पहिली तार 0.013 इंच जाडीची) लावायचा म्हणून बरेच जण तेच करतात आणि मनगट दुखवून घेतात. दहाऐवजी तेराची पहिली तार लावली की त्याच सुरावर ताण सुमारे 69 टक्के वाढतो. अर्धा सूर उतरवल्यावर त्यातला साधारण 11 टक्के सुटतो, तरीही तो दहाच्या नेहमीच्या ताणाच्या दीडपट राहतो. स्ट्रॅटचा (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) ब्रिज, म्हणजे खालच्या टोकाचा तारांचा आधार, वर उचलला जातो, आणि नटच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या आधारपट्टीच्या, खाचेत तार अडकते. अकराचा सेट अर्धा सूर खाली लावा, पहिल्या तारेचा ताण दहाच्या तारेहून जेमतेम आठ टक्के जास्त राहतो.

आवाज जमत नाही तेव्हा दोष बहुधा गेनचा, म्हणजे आवाज किती फाटतो त्याचा असतो. ट्यूब स्क्रीमर या आवाज फाटवणाऱ्या पेडलवर ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवा. अॅम्प आधीच किंचित फाटण्याच्या बेतात हवा. ड्राइव्ह वाढवलं की फटक्यांतला फरक पुसला जातो, आणि शीर्षकगीताच्या संथ बारा बारच्या आवर्तनात सगळी गंमत त्या फरकातच आहे.

कमतरता एकच: 'आय'म क्रायिन' हे 'प्राइड अँड जॉय'चंच दुसरं रूप वाटतं, सरावाला चांगलं पण ऐकायला पुनरावृत्ती. 'लेनी' मात्र कितीही वेळा ऐका! ब्रिजला जोडलेल्या दांडीने कॉर्ड हलकेच थरथरवलाय. दांडी सोडल्यावर तुमचा कॉर्ड बेसूर परतत असेल तर नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

1999 च्या सीडीत जादा ट्रॅक आहेत. 2013 च्या दोन सीडींच्या संचात फिलाडेल्फियातला ऑक्टोबर 1983 चा कार्यक्रम आहे, तो ऐकायला घ्या. सोबत वाजवायला मूळ दहा ट्रॅक, सुमारे 39 मिनिटं, पुरतात.