हेड गॅस्केटच्या नावाखाली १८ हजारांना गंडवलं

जुन्या गाडीची कूलंटची बाटली उतू जायला लागली आणि गॅरेजवाला बघताक्षणी ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणाला, तर इंजिन खोलायला लगेच होकार देऊ नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्या सांध्यातली सील.

आमची २००७ ची वॅगनआर खंबाटकी चढताना तापली आणि बाटलीतून हिरवं कूलंट बाहेर आलं. पुण्यातल्या गॅरेजवाल्याने बाटलीतले बुडबुडे दाखवले. म्हणाला, ‘साहेब, हेड उतरवून फेसिंग करावं लागेल,’ म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करावा लागेल. १८ हजार घेतले, बिल कच्चं. नवीन कूलंट भरल्यामुळे शहरात गाडी नीट चालली. घाटात पुन्हा तेच.

मग साताऱ्यातल्या एका मेस्त्रींनी बॅटरी मारून इंजिन दाखवलं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर जुन्या ऑइल-धुळीचा काळा थर सलग बसलेला होता. हेड उचललं असतं तर तो तिथे तुटलाच असता. हेड काढायला आधी उघडावं लागतं त्या वरच्या झाकणाच्या (टॅपेट कव्हरच्या) बोल्टांना पाना लागल्याची खूणसुद्धा नव्हती. इंजिन उघडलंच नव्हतं! पैसे मात्र पूर्ण कामाचे घेतले होते. संताप येतो तो याचा.

खरा दोष रेडिएटर कॅपचा होता. तिचं रबर कडक होऊन चिरलं होतं. ही कॅप साधारण ०.९ बार दाब धरते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब धरला नाही की कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीत ढकललं जातं. बुडबुडे त्याचेच होते. नवी कॅप काही शे रुपयांत आली आणि त्रास थांबला.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर बहुतेक वेळा इतर खुणा दिसतात: ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, थंड इंजिन चालू करताच रेडिएटरचा पाइप टणक होतो. शंका असेल तर ब्लॉक टेस्ट करायला सांगा. रेडिएटरवर धरलेलं निळं द्रावण पिवळं झालं, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. त्याआधी कॅप, थर्मोस्टॅट आणि फॅन तपासून घ्या. कॅप फक्त इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा, नाहीतर उकळतं कूलंट अंगावर उडतं.

त्या गॅरेजात जाऊन जुनं गॅस्केट मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘भंगारात गेलं.’ काम देतानाच सांगून ठेवा की काढलेले पार्ट परत हवेत आणि बिल पक्कं हवं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करायची तर हाच पुरावा लागतो.