‘फुल स्टेनलेस’ म्हणून गळ्यात मारलेल्या क्लिपा

माझी यामाहा आरएक्स १०० वडिलांनी १९९४ साली घेतलेली. टू-स्ट्रोक गाडी, आणि तिच्या इंजिनाला ऑइल पोहोचवायचं काम एका छोट्या पंपाकडे. ऑइलच्या टाकीतून पंपापर्यंत रबरी नळी, आणि तिच्या टोकांना तारेच्या साध्या स्प्रिंग क्लिपा. पाच-दहा रुपयांचा जिन्नस. माझ्या गंजून ढिल्या पडल्या होत्या, म्हणून २०२३च्या जूनमध्ये नाना पेठेत गेलो.

दुकानदाराने स्प्रिंग क्लिप बाहेर काढलीच नाही. “साहेब, त्या तारेच्या म्हणजे कचरा. ही घ्या, फुल स्टेनलेस, ३०४ ग्रेडची. परत बघायला नको.” हातात दिली ती स्क्रूने आवळायची पट्टीची क्लिप, जुबिली क्लिप म्हणतो ती. पट्टीवर ‘डब्ल्यू ४’ असा शिक्का. मला त्याचा अर्थ ठाऊक होता: डब्ल्यू १ म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, डब्ल्यू २ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू मुलाम्याचा, डब्ल्यू ४ म्हणजे स्क्रूसकट सगळं स्टेनलेस. अर्धवट जाणकार गिऱ्हाईक असलं की दुकानदाराला फार बोलावं लागत नाही. १२० रुपयांना एक, अशा सहा घेतल्या. दोन ऑइलच्या नळीला, दोन पेट्रोलच्या, दोन जादा. बिल मागितलं नाही.

खरी गंमत पुढे. असली क्लिप गाडीच्या रेडिएटरच्या जाड होजवर छान बसते. पण करंगळीएवढ्या नळीवर ती गोल आवळतच नाही. स्क्रूच्या घराखाली सपाट जागा राहते, नळी अंडाकृती होते आणि तिथून तेल पाझरतं. मला वाटलं, अजून अर्धा आटा. मग आणखी अर्धा. पट्टीला आटे बसायला ज्या आरपार खाचा असतात, त्या मऊ रबरात रुतत गेल्या.

ऑगस्टमध्ये क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, तेलाचा ओघळ दिसला. आरएक्सवाल्याला तेलाच्या डागाचं काय कौतुक! पुसलं आणि विसरलो.

सप्टेंबरात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात इंजिनाचा आवाज बदलला आणि मागचं चाक खाड्कन अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो, मागे ट्रक होता. पुण्यात अर्धी असलेली ऑइलची टाकी कोरडी. क्लिपेखाली नळीला ब्लेडने कापल्यासारखी चीर. पिस्टन जाम, सिलिंडरवर ओरखडे. बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून रुंद करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन मिळून ४,८०० रुपये गेले.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं: “तुम्ही जास्त आवळली.” आवळली होती, खरंच. म्हणूनच तोंड बंद झालं. पण घरी येऊन उरलेल्या दोन्ही क्लिपांना चुंबक लावला. पट्टी, स्क्रू, सगळंच खटकन चिकटलं. चुंबकावर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण स्टेनलेसचेही काही प्रकार चिकटतात. म्हणून त्या मिठाच्या पाण्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी पाणी तांबडं. शिक्का डब्ल्यू ४चा, माल डब्ल्यू १चा.

आरएक्ससारख्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलमध्ये पेट्रोल नुसतं उतारावरून येतं. तिथे नळीच्या मापाची नवी स्प्रिंग क्लिप पुरते, आणि रबर आक्रसलं तरी ती दाब सोडत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणून सलग, बिनखाचांच्या पट्टीची, कडा वळवलेली, नट-बोल्टची क्लिप लागते. तिथे मात्र तारेची स्प्रिंग क्लिप चालायची नाही. क्लिपेच्या आत बोट फिरवून बघा. खाच लागली तर ती छोट्या नळीला नको.

पेट्रोलच्या नळीवरच्या दोन मी त्याच दिवशी काढल्या. एकीचा स्क्रू इतका गंजला होता की पक्कडीने तोडावी लागली. इंजिनापासून वीतभर अंतरावर.