विशेष गरजांचं मूल: थेट दत्तक की आधी फॉस्टर केअर?

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक न घेता मुलाला आपल्या घरी सांभाळणं. दोन्ही वाटांनी मूल घरीच येतं, पण नातं कायद्याने वेगळं असतं.

दत्तकाचा अर्ज ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) पोर्टलवर करायचा. बाल न्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात. आदेश झाला की मूल सर्वार्थाने तुमचं: नाव, वारसाहक्क, सगळंच. निरोगी तान्ह्या बाळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. विशेष गरजांच्या मुलांसाठी रांग फार छोटी. दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांनाही ही मुलं दत्तक घेता येतात.

फॉस्टर केअरमध्ये बालकल्याण समिती मूल तुमच्याकडे सोपवते. वारसाहक्क नाही. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. श्रवणयंत्राचे सेल, स्पीच थेरपी, रिक्षाभाडं धरलं तर ते कधीच उडून जातात, तरी आधार असतो. फॉस्टर केअरच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो आणि, मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल तर, दोन वर्षांनी त्याला दत्तक घेता येतं. पूर्वी पाच वर्षं लागायची.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या सात वर्षांच्या मुलाला उचलून अंघोळ घालणं, रोज स्ट्रेचिंग करून घेणं म्हणजे काय, ते मुलाची फाइल वाचून कळत नाही. मन पक्कं असेल आणि लहान मूल हवं असेल, तर थेट दत्तक घ्या. मोठ्या मुलासाठी मी फॉस्टर केअरच सुचवेन. मात्र ‘जमलं नाही तर परत देऊ’ असं मनात असेल, तर अर्जच करू नका. संस्थेतल्या मुलाने एकदा घर गमावलेलं असतंच.